फाइलींच्या वरची नावं

ती गेल्याचं घरात ठाऊक होतं, शेजारीपाजारी ठाऊक होतं, तिच्या ऑफिसात तर तिची खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊनही झाली होती. पण तिचा प्रोग्राम वापरणाऱ्यांना ते कळलं एका मंगळवारी, दुपारच्या सुट्टीत. साचेवाल्याने डबा बाजूला सारला, केंद्रातल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रामचं पान उघडलं आणि तिथे साठलेल्या प्रश्नांच्या खाली लिहिलं, ‘हा प्रोग्राम करणारी माझी बायको वारली. म्हणून उत्तरं गेली नाहीत. राग मानू नये.’

मग त्याने उरलेला डबा संपवला आणि कामाला लागला.

काम साच्यांचं. केंद्रात कान तपासून श्रवणयंत्रं देत. यंत्र कानात बसायचं तर प्रत्येक कानाला त्याच्या मापाचा तुकडा लागतो. साचेवाला माणसाच्या कानात मऊ लगदा भरायचा, घट्ट झाला की अलगद ओढून काढायचा, त्यावरून तुकडा ओतायचा आणि घासत बसायचा. जरा कुठे टोचलं तर माणूस यंत्र खणात टाकून मोकळा होतो, म्हणून घासण्यात घाई करायची नाही. सगळे त्याला साचेवाले म्हणत. चिडली की बायकोसुद्धा.

प्रोग्राम तिने केला तो त्याच्यामुळेच. केंद्रात चाचणीचं जे विकतचं यंत्र होतं ते आठवड्यातून निम्मा वेळ रुसलेलं असायचं आणि तो घरी येऊन त्याचंच रडगाणं गायचा. शेवटी ती म्हणाली, “तुझं ऐकून माझे कान किटले. मीच काहीतरी करते.” ऑफिसात ती कॉम्प्युटरचंच काम करायची. घरी बसून तिने असा प्रोग्राम जुळवला की साध्या कॉम्प्युटरला इयरफोन लावला की बारीक, जाड, हळू, मोठे असे आवाज निघायचे, माणसाने ऐकू आला की बटण दाबायचं, आणि पडद्यावर त्याच्या कानाचा आलेख उमटायचा. तिने तो कोणालाही घेऊ दिला. आतला कोड उघडा, कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. हळूहळू कुठकुठल्या छोट्या केंद्रांत तो पोचला. ही सगळी माणसं साचेवाल्याला माहीत नव्हती. बायको जेवता जेवता सांगायची आणि तो हं हं करायचा.

त्या मंगळवारनंतर पान भरून गेलं. कुठल्याशा परिचारिकेने लिहिलं होतं, बाईंनी आमच्यासाठी सुट्टीच्या दिवशी बसून दुरुस्ती करून दिली होती. एकाने नुसतंच ‘फार वाईट झालं’ लिहिलं होतं, आणि चूक झाली असं वाटून पुन्हा तेच लिहिलं होतं. सगळ्यांच्या तळाशी मात्र एकच विचारणा होती: नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालत नाही, आता कोण बघणार?

बायकोची धाकटी बहीण बघणार होती. तिला घरात धाकटीच म्हणत. तीही याच धंद्यातली, मोठ्या कंपनीत. सुट्टी काढून आली, जेवणाच्या टेबलावर बस्तान मांडलं आणि भावोजींना स्वयंपाकघरात धाडलं.

“ताईने हे कशाला कशाला जोडलंय बघा! हा आवाजाचा तुकडा कुठला, हा आलेखाचा कुठला. गोधडी नुसती.”

“चालेल ना पण?”

“चालेल काय, पळेल. तुम्ही चहा करा.”

चहा झाला, पुन्हा झाला, सुट्टी संपली आणि प्रोग्राम खरंच पळायला लागला. धाकटीची बॅग दाराशी होती, गाडी खाली उभी होती. बूट चढवता चढवता ती म्हणाली, “प्रत्येक फाइलीच्या वर चार ओळी असतात. नाव, साल वगैरे. तेवढं नजरेखालून घाला आणि द्या पानावर. बाकी कशाला हात लावू नका.”

“एवढं जमतं मला.”

“तुम्हाला काय काय जमतं ते ताई सांगायची आम्हाला,” ती म्हणाली आणि गेली.

साचेवाल्याने एकेक फाइल उघडली. वर नाव, साल, आणि खाली वकिली थाटाचा मजकूर. काही फाइलींवर बायकोचं नाव होतं. बऱ्याच फाइलींवर भलत्यांचीच नावं होती, आलेखाच्या फाइलींवर कुठल्याशा कॉलेजातल्या मंडळींची. एक माणूस तर आडनाव, पत्ता आणि ‘निवृत्त’ असं लिहून वर ऐटीत बसला होता.

त्याला वाटलं, हा तिचा स्वभाव. तिची सवयच ती. घरातले पडदे तिने शिवले, पण पाहुण्यांना सांगायची की रंग ह्यांनी निवडला. ऑफिसातली बढती मिळाली तर म्हणायची, साहेब भले आहेत. कोणी कधी दोन गोष्टी सुचवल्या असतील, तिने फाइलच त्यांच्या नावावर करून टाकली असेल. रात्रंदिवस टेबलाशी कोण बसलेलं होतं ते त्याने डोळ्यांनी बघितलं होतं.

त्याने ती नावं काढली. सगळ्या फाइलींवर तिचं नाव घातलं. वकिली मजकूरही काढला, कारण तो जवळजवळ सगळीकडे तोच तो होता, बॅटरीच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो तसा. त्याच मजकुराच्या प्रती भरलेला एक वेगळा फोल्डर होता, तोही काढून टाकला. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्या पडद्यावर सगळ्या नावांच्या रांगेऐवजी तिचं नाव यावं आणि खाली ‘हिने केला’ एवढंच यावं, अशी सोय त्याने, काय लिहायचं ते न सांगता, धाकटीला फोनवर विचारून विचारून केली. सगळं घासून गुळगुळीत झालं. मग त्याने ते पानावर ठेवलं.

केंद्रांनी तो भराभर उतरवून घेतला. यंत्रवाल्यानेही घेतला. यंत्रवाला म्हणजे केंद्रांना सामान पुरवणारा व्यापारी. त्याने कॉम्प्युटर, इयरफोन, बटण असं सगळं एका पेटीत बसवलं, त्यात हा प्रोग्राम भरला आणि पेट्या विकायला काढल्या. प्रोग्रामचे पैसे तो लावत नव्हता, तेवढं त्याने पहिल्यांदाच सांगून टाकलं. नमुन्याची पेटी दाखवायला तो केंद्रात आला, बटण दाबलं आणि पडद्यावर बायकोचं नाव आलं. साचेवाल्याने बाहीने पडद्यावरची धूळ पुसली. धूळ फारशी नव्हती.

“वहिनींचं नाव गावोगाव जाणार बघा,” यंत्रवाला म्हणाला.

साचेवाल्याला बरं वाटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच वाटलं, असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर पानावर एक निरोप आला. निवृत्त गृहस्थाचा. तो बोटीवर रेडिओ सांभाळायचा. त्याने लिहिलं होतं की आयुष्यभर कानाला हेडफोन लावून त्याचे कान गेले, म्हणून तो चाचणीला गेला. तिथे इयरफोनमधून जो आवाज आला तो त्याच्या ओळखीचा निघाला. ऐकू येणाऱ्या आवाजांपैकी तो एकच असा होता की जो त्याने स्वतः बनवला होता. घरी येऊन त्याने कोड उघडून बघितला. ‘आवाजाची फाइल माझी आहे. ओळी माझ्या आहेत. नाव माझं नाही. ही फाइल मी सगळ्यांना फुकट दिली. बदल्यात एकच गोष्ट मागितली होती, की वरचं नाव आणि खालचा मजकूर काढू नये. ती वर लिहूनच ठेवली होती.’

रागाचा शब्द नव्हता. साचेवाल्याने ते वाचून धाकटीला फोन लावला.

“कोणीतरी म्हातारा आहे. म्हणतो फाइल माझी.”

“मग असेल त्याची. वर नाव असेल ना?”

“होतं. मी काढलं.”

मग धाकटी म्हणाली, “काढलं म्हणजे?”

“सगळ्यांचीच काढली. ताईचं घातलं.”

“भावोजी! मी नजरेखालून घाला म्हटलं होतं, वरवंटा फिरवा म्हटलं नव्हतं. खालचा मजकूर? तो तरी आहे ना?”

“तोही काढला. सगळीकडे तोच होता.”

“तोच असतो! तो परवाना असतो. म्हणजे ज्याने लिहिलं तो सांगतो, माझं घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, पण ह्या ह्या अटीवर. अट मोडली तर द्यायचा हक्कच संपला. आपल्याकडे आता कोणाचीच परवानगी नाही. तुम्ही दिलेला प्रोग्राम, त्यावरून त्या पेटीवाल्याने दिलेला, सगळं बिनपरवानगीचं.”

“मला वाटलं ती भिडस्त होती म्हणून...”

“ताई? भिडस्त?” धाकटी हसली आणि मध्येच थांबली. “ताईने माझी खेळणी कधी विचारल्याशिवाय घेतली नाहीत, आणि तिची मला कधी विचारल्याशिवाय घेऊ दिली नाहीत. भिडस्त नव्हती ती. हिशेबी होती. जुनी प्रत ठेवलीय ना? नाहीतर मी जीव देते.”

जुनी प्रत होती. बायकोच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी. धाकटीने बजावलं की आधी पान बंद करायचं, मग सगळी नावं जागच्या जागी घालायची, मग ज्याची काढली त्याची माफी मागायची, आणि पेटीवाल्याला सांगायचं.

पान बंद केलं. माफीला त्याने निरोपाखालच्या नंबरावर फोनच लावला.

“मोठ्याने बोला!” रेडिओवाला ओरडला. “माझं यंत्र तुमच्याच चाचणीवर लावलंय. आधी गडबड होती, आता खूप गडबड आहे.”

साचेवाल्याने केंद्राच्या मागच्या खोलीत उभं राहून सगळं ओरडून सांगितलं. बायको वारल्याचंही ओरडूनच सांगावं लागलं. बाहेर बाकावर बसलेली माणसं दाराकडे बघायला लागली.

“अहो गृहस्थ, ती बाई वारली?” रेडिओवाला म्हणाला. “तिने मला विचारलं होतं की हो. तशी विचारायची गरज नव्हती, अट वर लिहिलेली होती. तरी विचारलं. म्हणाली, माझा नवरा साचे करतो, त्याच्या केंद्रासाठी पाहिजे.”

साचेवाल्याने खोलीचं दार लोटून घेतलं.

“ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

“मी नाव का मागतो ते सांगतो. बोटीवर निरोप आला आणि कोणाकडून आला ते कळलं नाही तर तो कचऱ्यात. दुसरं काही नाही. आणि साल बरोबर घाला. त्या साली माझं ऑपरेशन झालं होतं, म्हणून घरी बसून ते झालं. नाहीतर माझ्याच्याने काय होणार होतं!”

“घालतो.”

“‘निवृत्त’ पण राहू द्या,” रेडिओवाला ओरडला.

यंत्रवाल्याचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. पुढे काच, मागे खोकीच खोकी. त्याने साचेवाल्याला स्टुलावर बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि हातातली पेन्सिल कानावर खोचली.

“म्हातारा कोर्टात जाणार म्हणाला?”

“नाही.”

“आलेखाच्या भागाचे ते कॉलेजवाले? त्यांनी काही लिहिलं?”

“त्यांना माहीतच नाही अजून. पण त्यांची अट जास्त कडक आहे. त्यांचा भाग ज्यात आहे तो प्रोग्राम ज्याला द्याल त्याला कोडही द्यायचा, अटींचा कागदही द्यायचा. तुमच्या पेटीत दोन्ही नाही.”

“कोण मागतं हो कोड? पेटी घेणाऱ्याला बटण कुठलं तेवढं सांगावं लागतं आणि तेही दोनदा.” यंत्रवाला पुढे झुकला. “साचेवाले, मी तुमच्या भल्याचं बोलतोय. ह्या घडीला प्रत्येक पेटीत वहिनींचं नाव आहे. एकटीचं. ओरड कोणाची नाही. तुम्ही स्वतःच्या हाताने ते पुसायला निघालात? आपल्या माणसाचं नाव कोणी असं काढतं का?”

हीच गोष्ट साचेवाल्यालाही सलत होती. दुकानापर्यंत चालत येताना तो हेच घोळवत आला होता. कानाडोळा केला असता तर खरंच काही बिघडलं नसतं. रेडिओवाल्याचं नाव घालून त्याला गप्प करता आलं असतं आणि बाकीचं तसंच राहिलं असतं. पडदा सुरू झाला की ती एकटी. दुसरीकडे कुठे तिचं नाव असं लिहिलेलं नव्हतं. दारावरच्या पाटीवर त्याचं होतं.

“पुसत नाही,” तो म्हणाला. “तिचं नाव तिच्या जागेवर राहणारच.”

“रांगेत राहील. पहिल्या पडद्यावर रांग कोण वाचतं?”

“तिने ती रांग लावली होती. मी मोडली.”

“बरं, आणि मी ऐकलं नाही तर?”

“तर मीच त्या कॉलेजवाल्यांना कळवीन. आपण दोघंही त्यात आहोत.”

यंत्रवाल्याने कानावरची पेन्सिल काढली, बघितली, पुन्हा खोचली. “तुम्ही साचे करा हो, साचे बरे करता,” तो म्हणाला. पण नव्या पेट्यांत सगळा मजकूर आणि कोड घालतो, आधी पेट्या घेतलेल्यांना डिस्क पाठवतो, असं कबूल केलं. पोस्टाचा खर्च कोणाकडे यावर बरीच घासाघीस झाली.

नावं परत घालायचं काम साचेवाल्याने स्वतः केलं. धाकटी म्हणाली होती, एका झटक्यात जुन्या प्रतीवरून उचलून देते. तो नको म्हणाला. केंद्रातून आल्यावर तो टेबलाशी बसायचा, एका बाजूला जुनी फाइल, एका बाजूला नवी, आणि ओळी अक्षर न् अक्षर ताडून घालायचा. त्यामुळे त्याला तो मजकूर पहिल्यांदाच वाचावा लागला.

त्यात एक ओळ होती, की हे ‘जसं आहे तसं’ देत आहोत, कसलीही हमी नाही.

तो थांबला. बायको हे रोज म्हणायची. भाजी खारट झाली की ताट पुढे सरकवून, “जसं आहे तसं, कसलीही हमी नाही.” केस कापून आली की आरशासमोर, तेच. दवाखान्यात शेवटच्या वेळी त्याने उशी सारखी करून दिली तेव्हाही तिने हळूच तेच म्हटलं होतं, आणि नर्सला काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्याला हसू आलं होतं. त्याने ते तिचं म्हणून मनात धरून ठेवलं होतं. नातेवाइकांना तो सांगायचाही, की शेवटपर्यंत थट्टा सोडली नाही, स्वतःचे शब्द सोडले नाहीत.

ती ओळ रेडिओवाल्याच्या फाइलीवर होती. कॉलेजवाल्यांच्या मजकुरात होती. त्याने पुढची उघडली, तिथेही होती. कोणी पहिल्यांदा लिहिली कोण जाणे.

त्याने ती घातली. सगळीकडे घातली. तिच्या फाइलींवरही, कारण तिने तिच्यावरही तीच घातली होती.

नावं जागेवर आल्यावर तिच्या वाट्याला थोड्याच फाइली उरल्या. आवाज दुसऱ्याचा, आलेख दुसऱ्यांचा, बटण ओळखणारा भाग आणखी कोणाचा. तिचं होतं ते मधलं: कोणाचं कोणाला जोडायचं, आवाज निघाल्यावर किती थांबायचं, माणूस गोंधळला तर मागे कसं यायचं. त्याने धाकटीला फोनवर विचारलं, “एवढंच?”

“एवढंच नसतं तर ते सगळे तुकडे पडून राहिले असते, भावोजी. तुम्ही करता तरी काय दुसरं? कान लोकांचा, यंत्र कंपनीचं.”

“हं,” तो म्हणाला.

शेवटी एकच फाइल राहिली. लहान मुलांच्या चाचणीची. मूल आवाजावर बटण दाबतं तेव्हा पडद्यावर एक चित्र उडी मारतं, म्हणजे मूल कंटाळत नाही. जुन्या प्रतीत त्या फाइलीच्या वर एवढंच होतं: ‘चिमणी’. साल नाही, परवाना नाही. खाली बायकोची ओळ, की हे प्रोग्रामवाल्यांच्या गप्पांच्या पानावर मिळालं, विचारायचं आहे.

“हे चालेल ना?” त्याने विचारलं. “नाव तर आहे. चिमणी.”

“टोपणनाव आहे. आणि नाव असून उपयोग नाही. परवानगी दिलेली नाही. उलट आहे, भावोजी. वर काही लिहिलेलं नसेल तर ते सगळ्यांचं होत नाही. ते फक्त तिचं, नाहीतर त्याचं. आपण देऊ शकत नाही.”

“पण ताई देत होती.”

“देत होती,” धाकटी म्हणाली. “हिशेबी असली तरी सगळं उरकत नाही कोणाचं.”

साचेवाल्याने त्या गप्पांच्या पानावर शोधलं. पान कधीच बंद पडलं होतं. रेडिओवाल्याला विचारलं, त्याने जुन्या ओळखीच्या माणसांना विचारलं. कोणी म्हणालं चिमणी बाई होती, कोणी म्हणालं शिकणारा पोरगा होता. धाकटी म्हणाली, चिमणीचा कोड न बघता नवीनच लिहिते, पण तिला कंपनीतून सुट्टी नव्हती.

मुलांची चाचणी काढून, बाकी सगळ्यांची नावं आणि मजकूर जागेवर ठेवून त्याने पान पुन्हा उघडलं. पहिल्या पडद्यावर आता रांग येते. ती वाचायला कोणी थांबत नाही. बायकोचं नाव मधोमध आहे, रेडिओवाल्याच्या खाली. रेडिओवाल्यापुढे ‘निवृत्त’ लिहिलेलं आहे.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाई अधूनमधून मागच्या खोलीत डोकावतात. “साचेवाले, मुलं बसत नाहीत हो. नुसत्या आवाजावर कोण बसणार? ते उडी मारणारं कधी येतंय?”

“विचारायचं आहे अजून,” तो म्हणतो आणि हातातला तुकडा घासत राहतो.

चिमणीचा पत्ता लागलेला नाही. मुलांची चाचणी अजून बंद आहे.